पालातली मैत्रीण

दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर वडाखाली घिसाड्यांची तीन पाले उतरली. घिसाडी लोक लोखंड तापवून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करतात. काम संपले की पुढच्या गावाला जातात. आमच्या बाई पालावर गेल्या आणि तिथल्या एका मुलीला शाळेत घेऊन आल्या. तिच्याजवळ दाखला नव्हता. बाई म्हणाल्या, २००९ च्या कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून कुणाला अडवता येत नाही. ती दहा वर्षांची, म्हणून आमच्या चौथीत आली. माझ्याच शेजारी बसली.

एके दिवशी बाईंनी 'माझे घर' हा निबंध दिला. दार, खिडकी, अंगण, तुळस असे शब्द फळ्यावर लिहिले. आम्ही भराभरा लिहिले. तिची वही कोरीच. मी मोठ्याने म्हणाले, "बाई, हिला घरच नाही, ही काय लिहिणार?" सगळी पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी नकाशावर युरोप दाखवला. तिथे रोमा नावाचे लोक आहेत. त्यांचे पूर्वज सुमारे १००० वर्षांपूर्वी आपल्या भारतातून गेले. पूर्वी त्यांतले पुष्कळजण गाड्यांतून फिरत. आता बहुतेक घरांत राहतात. त्यांच्या भाषेत दोनला दुय, तीनला त्रिन आणि पाण्याला पानी म्हणतात. आम्हाला नवल वाटले. माझी आजीसुद्धा पानीच म्हणते!

बाईंनी पुढे सांगितले, चेक देशात ओस्त्रावा शहरातल्या १८ रोमा मुलांना कमी अभ्यासाच्या वेगळ्या शाळेत घातले होते. त्यांची परीक्षा घेताना त्यांच्या भाषेचा, राहणीचा विचार केला नव्हता. २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितले, हा भेदभाव आहे. मग बाई म्हणाल्या, "मुले ढ नव्हती, प्रश्न चुकीचे होते. परवा माझाही प्रश्न चुकला." मला फार वाईट वाटले. बाईंपेक्षा मीच जास्त चुकले होते.

शनिवारी परिसर अभ्यासाचा तास पालावर झाला. ती भाता ओढत होती. तिने आम्हाला सांगितले, लोखंड लालभडक झाले की मगच घण मारायचा. तापलेल्या विळ्याला पाणी पाजायचे, नाहीतर धार टिकत नाही. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी तिला म्हणाले, "माझं चुकलं गं." ती काही बोलली नाही. भात्याची दोरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ओढ बघू." थोड्याच वेळात माझे हात भरून आले. तेव्हा ती हसली.

सोमवारी बाईंनी फळ्यावर आणखी शब्द लिहिले. पाल, भाता, ऐरण, घण, सांडशी. तिने 'माझे पाल' हा निबंध दोन पाने लिहिला. तो इथेच माझ्या निबंधाशेजारी लावला आहे. आलेल्या पालकांनी तो आधी वाचावा.

मागच्या आठवड्यात पाले उठली. बाईंनी तिला शिक्षण हमी कार्ड दिले आहे. ते दाखवले की पुढच्या गावच्या शाळेत तिला बसता येईल. तिथेही 'माझे घर' हा निबंध असेलच. त्या फळ्यावर पाल हा शब्द कुणी लिहील का?