मास्तर गावात परत गेला

आईला 'पिंजरा'चा शेवट तोंडपाठ होता. मास्तरला पश्चात्ताप होतो, भल्या पहाटे तो नदी उतरून गावात परत येतो, लोक त्याला पोटाशी धरतात आणि बंद पडलेल्या शाळेची घंटा पुन्हा वाजते. ही गोष्ट तिने आम्हा भावंडांना सांगितली, पुढे नातवंडांनाही सांगितली. व्ही. शांतारामांचा १९७२ सालचा तो सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की शेवट तसा नाही. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभा राहतो. गाव ज्या गुरुजींना देव मानून बसलंय ते गुरुजी लोकांच्या मनात तसेच राहावेत म्हणून तो तोंड उघडत नाही, फाशी पत्करतो. आईने तो भाग पाहिलाच नव्हता. तिचा शेवट बाबांनी सांगितलेला होता.

ते साल १९७४. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ला. आमचं सगळं चंद्रपूरच. बाबा चामोर्शीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहू लागते तिथे, जुन्या दगडी देवळांच्या पायथ्याशी. त्या वर्षी जत्रेत टुरिंग टॉकीज आली होती. आम्ही रेंगी जुंपून गेलो. मी आठ वर्षांचा, बहीण वर्षाची, आईच्या कडेवर.

तंबूत मशीन एकच होतं. त्यामुळे रीळ संपलं की पडदा पांढरा व्हायचा, दिवा लागायचा आणि दुसरं रीळ चढेपर्यंत फुटाणेवाला रांगांमधून फिरून यायचा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोर. मी बाबांजवळ वाळूवर पोतं टाकून बसलो होतो. मास्तर शाळा सोडून तमाशाच्या फडामागे निघाला, आणि नेमकी त्याच वेळी बहीण रडायला लागली. काही केल्या थांबेना. मागून लोक ओरडू लागले. आई उठली, दोराखालून वाकून बाहेर गेली, ती परत आलीच नाही. रेंगीत बसून तिने पोरीला पाजलं. तंबूतला आवाज तरी तिच्या कानावर पडला असता, पण आमच्या रेंगीच्या बाजूलाच जनरेटर धडधडत होता.

परतताना वाटेत तिने विचारलं, "मंग काय झालं गा मास्तरचं?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि ते सांगू लागले. नदी, पहाट, घंटा. बैल आपल्या पायवाटेने चालत होते आणि बाबा एकेक गोष्ट बारकाईने रचत होते: घंटा पितळी होती, तिच्या दोरीला गाठ होती, पहिल्यांदा ती एका लहान पोराने वाजवली. मला वाटलं, मी पाहिला तो सिनेमा वेगळा होता की काय. पुढे कितीतरी वर्षं मी त्याबद्दल बोललो नाही.

आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा शेवट चुकला असं सांगणारी बाई सापडणार नाही. धान कापून घरात आलं, दिवाळी झाली, की गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक चालतं. देसाईगंज म्हणजे आमचं वडसा. तिथल्या कंपन्या होळीपर्यंत गाव घेत फिरतात. याच मातीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्याच कुणाला मिळाल्यासारखं वाटलं. नाटकाला बाया गोधड्या घेऊन जातात. पोर रडलं तर तिथेच पाजतात, तिथेच झोपवतात. नट वाट पाहतो, दमानं घेतो, टाळी मिळाली की पुन्हा म्हणतो. उजाडेपर्यंत कुणाला घाई नसते. सिनेमा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. लेकुरवाळीला थांबणारा खेळ आणि न थांबणारा खेळ, हा फरक मला आईमुळे कळला. आमच्या भागात नाटक इतकं का टिकलं याची बरीच कारणं शहाणी माणसं सांगतात. मला हे एक कारण त्यात हवं असं वाटतं.

टीव्ही आला तेव्हा मी डी.एड. करत होतो. रामायण सुरू झालं २५ जानेवारी १९८७ला, आणि रविवारी सकाळी आमच्या टोकाची पंचवीस-तीस घरं एका ओसरीवर जमायची. सागवानी शोकेस, तिच्या आत सरकत्या लाकडी दारांचा टीव्ही, आणि छपरावर बांबूला बांधलेला अँटेना. आई तेव्हा न्याहारीत अडकलेली असायची. दुरून आवाज ऐकायची आणि पाण्याचा हंडा उतरवताना दोन मिनिटं दारात उभी राहायची.

व्हीसीआरची गोष्ट मात्र सांगायला हवी. १९९० साली चुलतभावाच्या लग्नात आम्ही चामोर्शीहून कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. रात्रभर तीन सिनेमे, वर्गणी काढून. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. मीच हट्ट धरून तिसरी कॅसेट 'पिंजरा'ची आणवली. पहिले दोन सिनेमे आईने चहाच्या भगोन्यामागे काढले. 'पिंजरा' लागला तेव्हा मी तिला हाताला धरून आणून बसवलं. अर्धा सिनेमा झाला आणि लाईट गेली. अर्ध्या तासाने ती आली, पण तोवर बाबांनी मशीनवाल्याला पैसे देऊन सगळं गुंडाळायला लावलं होतं. "झोपा आता, उद्या वरात आहे," एवढंच म्हणाले. मला राग आला. आज विचार करतो तेव्हा दिसतं, अंधारात कंदील धरून ते स्वतः वायरी गुंडाळत होते.

बाबा २००९ साली गेले. त्यांनी एकतीस वर्षं चार खेड्यांत मास्तरकी केली. बदली झाली की गाव वेशीपर्यंत पोहोचवायला यायचं, आणि ते मागे वळून पाहायचे नाहीत. पुढल्या वर्षी नागपूरला सीताबर्डीवर 'पिंजरा'ची व्हीसीडी दिसली, दोन चकत्यांची. घेतली. लावली मात्र नाही. घरचा प्लेअर आधी अडखळत होता, मग बंदच पडला. ती व्हीसीडी बाबांच्या ट्रंकेत, त्यांच्या सर्व्हिस बुकाशेजारी पडून राहिली.

मग कोरोना आला. बहीण, तीच ती तंबूत रडलेली, चंद्रपूरहून लेकीला घेऊन गावी राहायला आली. भाचीचं कॉलेज टॅबवर भरायचं. रेंजसाठी ती तळ्याच्या पाळीवर जाऊन बसायची, कारण घरात एकच दांडी यायची तीही कधीमधी. ११ मार्च २०२१ला महाशिवरात्र होती. त्या वर्षी आम्ही मार्कंड्याला गेलो नाही. संध्याकाळी आई फराळाचं ताट पुढ्यात घेऊन जुन्या जत्रेचं सांगत बसली आणि सांगता सांगता मास्तर, नदी, घंटा आली.

भाची म्हणाली, "आजी, तू पूर्ण पाह्यला का तो पिच्चर?"

"नाही वो. तुही माय लडत होती ना."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, टीव्हीवर लावू ना. टॅब जोडायचा फक्त."

फक्त म्हणणं सोपं होतं. चंद्रपूरहून कुणाकडून तरी मागवलेली वायर तिच्या टॅबला बसली, टीव्हीला बसली, पण पडद्यावर 'नो सिग्नल'. तेव्हा भाचीने मला जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. टॅबचं भोक दिसायला तेच असतं, पण प्रत्येक टॅब त्या भोकातून चित्र बाहेर सोडत नाही. काहींचं भोक चार्जिंग आणि फायलींपुरतंच असतं. चित्र बाहेर काढायचं तर आत तशी सोय लागते; ती नसेल तर कितीही महागडी वायर आणा, उपयोग नाही. एचडीएमआय नावाची ही जोडणी २००२ साली ठरली. पूर्वी पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना लावाव्या लागत, एक चित्राची, दोन आवाजाच्या. आता चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात.

मग मला माझा २०१३ सालचा टॅब आठवला. शाळेच्या कामासाठी घेतलेला, कपाटात पडून. त्याच्या कडेला छोट्या एचडीएमआयचं वेगळं भोक होतं. तशी वायर मिळायला आठ दिवस गेले. भाचीने व्हीसीडीच्या चकत्या तालुक्याच्या गावी एका संगणकावर उतरवून मेमरी कार्डात भरून आणल्या. टॅबची बॅटरी दहा मिनिटं टिकत नव्हती म्हणून तो चार्जरला लावूनच ठेवला. रिमोटवरचं 'सोर्स' दाबत दाबत एचडीएमआय टू आलं आणि बत्तीस इंची पडद्यावर माझ्या टॅबची सगळी चित्रं उमटली.

त्या आठ दिवसांत मी दोनदा हे सगळं थांबवायचं ठरवलं. आई शहात्तर वर्षांची. तिच्याजवळ बाबांनी दिलेली जी थोडी ठेव होती, तिच्यात तो शेवट होता. तो मी कोणत्या हक्काने काढून घेणार होतो? पण तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने ठरवायचं, हेही बाबांनी एकदा केलं होतं. म्हणून मी तिला सरळ विचारलं, "आई, शेवट वेगळा आहे. बाबांनी सांगितला तसा नाही. पाहायचा?"

ती तांदूळ निवडत होती. "मंग पाहू दे ना बाबू," म्हणाली.

व्हीसीडीचं चित्र बारीक. मोठ्या पडद्यावर दाणेदार दिसत होतं, तंबूतल्या पडद्यासारखंच. आई खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर गोधडी टाकून, भिंतीला टेकून बसली, शेजारी बहीण. पहिल्या तासात ती तीनदा उठली: एकदा पाण्याला, एकदा म्हशीला, एकदा उगाच. ती उठली की भाची टॅबवर बोट ठेवायची आणि नायिका झालेल्या संध्याबाईंचं पाऊल हवेतच थांबायचं. "थांबवलं वो आजी, ये आरामात." पहिल्या वेळी आई दारातून धावतच परत आली. तिसऱ्या वेळी ती पाय धुऊन, पदर सारखा करून, सावकाश आली आणि बसल्यावर म्हणाली, "हं, लाव आता."

मास्तर फडामागे निघाला. आईने बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अथीच उठली होती मी."

त्यापुढचं सगळं तिने न हलता पाहिलं. पहिली चकती संपली, दुसरी लागली, कोर्ट आलं. मी पडद्याकडे पाहत नव्हतो. पडदा काळा झाला तरी तिने काही विचारलं नाही. बराच वेळ बसून राहिली, मग गोधडी झटकून तिची घडी घातली. झोपायला जाताना उंबऱ्यात थांबली.

"तवा ते लगीच बदलून आले होते ना त्या गावाले," ती म्हणाली. "नवे मास्तर होते. मी अठ्ठावीस-एकोणतीसची." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या पाच-सहा बाया येऊन बसलेल्या दिसल्या. कोणी मोहफुलं वाळत टाकून आलेली, कोणी नात घेऊन आलेली. आईने बोलावलं होतं. मी वायर लावली, चार्जर लावला. सिनेमा सुरू झाला. कुणाची नात रडली, भाचीने थांबवला. तिला दूध पाजून झाल्यावर पुन्हा लावला. मास्तर शाळा सोडून फडामागे निघाला तसा आईने हात वर केला.

"बस. थांबव वो पोरी."

चित्र थांबलं. बाया आईकडे वळल्या. "मंग काय झालं वो बाई?" एकीने विचारलं.

आईने पाय जवळ घेतले, पदर खांद्यावर ओढला आणि सांगू लागली. मास्तर पहाटेच्या अंधारात नदी उतरला. पाणी कमरेएवढं होतं. पलीकडे शाळा दिसत होती, आणि शाळेची घंटा पितळी होती, तिच्या दोरीला गाठ होती.