इंदुरी, इंदूर की इंदोरी?

वीकेंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा अलीकडेच तळेगावला उतरा आणि चाकण रस्ता धरा. थोड्याच वेळात इंद्रायणीकाठचं इंदुरी येतं. सेनापती खंडेराव दाभाड्यांची इथली गढी १७२०-२१च्या सुमाराची. भक्कम दरवाजा, बुरूज, आत कडजाईचं देऊळ. फोटो झकास येतात! पण समजा, मॉरिशसचं एखादं मराठी कुटुंब जहाजाच्या यादीची नक्कल घेऊन या दरवाजापाशी उभं राहिलं, तर? आपले खापरपणजोबा इथलेच, हे त्यांनी ठरवायचं कसं?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर काम करायला जवळपास ५ लाख भारतीय करारावर मॉरिशसला गेले. त्यात मुंबई बंदरातून निघालेले आपले मराठी लोकही होते. तिथे गणेश चतुर्थीला आजही सरकारी सुट्टी असते. त्या काळच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. मार्च २०२४मध्ये भारताने मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाचा रस्ता खुला केला. म्हणजे या जुन्या कागदांना आता भावनेपलीकडचंही मोल आलंय.

नोंदींत साधारण काय सापडतं? क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, परगणा, जिल्हा. सांगणारा मराठीत सांगणार आणि कारकून कानाला आलं तसं इंग्रजीत उतरवणार. खरी गंमत इथेच सुरू होते. 'इंदुरी'चं शेवटचं अक्षर गळालं की झालं इंदूर! तेही होळकरांचं की निजामाचं? कारण आजच्या निजामाबादचं जुनं नाव इंदूरच. मधल्या 'उ'चा 'ओ' झाला की आपण थेट नगरकडच्या अकोले तालुक्यात, तिथल्या इंदोरीत. म्हणून गावाचं नाव डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायचं. मोठ्याने, मराठी उच्चारात.

मग शेजारचा रकाना बघायचा. जिल्हा 'पूना' आणि पुढे मावळ असेल तर आपलं इंदुरी जवळ आलं. नुसतं 'बॉम्बे' असेल तर थांबा, कारण ते बंदराचं किंवा अख्ख्या इलाख्याचंही नाव असू शकतं. त्यानंतर वरच्या-खालच्या पाच-सहा ओळी वाचा. एकत्र निघालेल्यांचे क्रमांक बऱ्याचदा लागोपाठ असतात. शेजारच्या ओळीत तळेगाव, देहू किंवा चाकण दिसलं, तर अंदाज पक्का व्हायला लागतो. 'मराठा' हा शब्द दिसला तरी लगेच खूश होऊ नका. कारकुनाने जात लिहिली की मुलूख, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. वयही बरेचदा अंदाजाने टाकलेलं.

जहाजाची तारीखही बोलते. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ची, तर बोरघाटातला लोहमार्ग १८६३चा. त्याआधी निघालेल्या मावळच्या माणसाला मुंबई गाठायला घाट रेल्वेशिवायच उतरावा लागला असणार.

सगळ्यात मोठा घोळ आडनावाचा. तिकडे अनेक घरांत बापाचं किंवा स्वतःचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं. त्यामुळे इंदुरीच्या पारावर 'या आडनावाचं घर कुठलं?' असं विचारून हाती काही लागणार नाही. आधी यादीतली बाप-लेकाची जोडी आणि साल नीट टिपून घ्यावं, मग गावातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत तीच जोडी शोधावी. कागद मोडीत असले तर वाचणारा माणूस सोबत हवा. जुळलं नाही, तर अकोल्याचं इंदोरी आहेच. दीडशे वर्षांनी माणूस घरी येतोय. घाईघाईत भलत्याच उंबऱ्यावर डोकं टेकवण्यापेक्षा आणखी एक गाव बघितलेलं बरं.

कसं जाल? पुणे-लोणावळा लोकलने तळेगाव, पुढे चाकण रस्त्याने इंदुरी. देवीचं दर्शन घ्या, तटावरून इंद्रायणी बघा.