चाळीस मार्कांचा भूगोल

दहावीचा भूगोल चाळीस मार्कांचा. इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस, भूगोलाचे चाळीस, आणि वेळापत्रकात आमचा नंबर शेवटी. २०२० साली तो पेपर सोमवारी, २३ मार्चला होता. मी पाटणच्या खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. घर कराडात. त्या वर्षी माझी थोरलीच दहावीला होती, कराडातल्याच शाळेत. ‘भूगोलाचं काय, तो घरातच आहे,’ असं म्हणत तिनं वर्षभर गणित आणि विज्ञानाचे क्लास केले. शेवटच्या दोन दिवसांत आई भूगोल पक्का करून घेणार, असा आमचा अलिखित करार होता.

३ मार्चला परीक्षा सुरू झाली. ९ तारखेला दुबईहून पुण्याला आलेल्या दांपत्याची बातमी आली, राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण. दुसऱ्या दिवशी धुळवड. त्या दिवशी मी पोरांना रंग खेळायला खाली सोडलं नाही ते आजाराच्या भीतीनं नव्हे, पेपर चालू होते म्हणून. आठवड्याभरात शाळा बंद झाल्या, दहावीचे पेपर मात्र चालू राहिले. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याची घोषणा झाली. आमचा धाकटा चौथीत होता. त्यानं दप्तर कॉटखाली ढकललं आणि ‘मी पाचवीत’ असं ओरडत जिना उतरला. थोरली शनिवारच्या इतिहासाचा अभ्यास करत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी ती पेपर देऊन घरी आली तेव्हा सोमवारचा भूगोल पुढं ढकलल्याचं टीव्हीवर चालू होतं. एकतीस तारखेनंतर नवी तारीख कळणार होती. रविवारी जनता कर्फ्यू. पाच वाजता आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गच्चीवर जाऊन परात बडवली. सोमवारी एसटी थांबली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. माझा नवरा एसटीत चालक. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सणाच्या दिवशी हा माणूस घरात असा बसलेला मी पाहिला नव्हता. २५ तारखेच्या पाडव्याला गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, पण गुढी उभारायला तो स्वतः होता. आत्यांना तेवढ्यानं सगळं भरून पावल्यासारखं झालं.

थोरलीचं मात्र काही संपेना. दहावीचा शेवटचा पेपर झाला की पोरी एकमेकींच्या गणवेशावर पेनानं नावं लिहितात, वडापावच्या गाडीवर जातात, उशिरा घरी येतात आणि त्या एका दिवशी कोणी रागवत नाही. तिचा गणवेश इस्त्री करून खुंटीवर लटकला होता. पॅड, हॉलतिकीट, कंपासपेटी दाराजवळच्या पिशवीत तशीच. मी पिशवी आत ठेवायला घेतली की म्हणायची, ‘राहू दे. कधीही बोलावतील.’ रोज सकाळी अर्धा तास ती भूगोल वाचायची. आणि मी, जिनं आयुष्यभर पोरांना ‘परीक्षेसाठी वाचू नका, समजून घ्या’ असं सांगितलं, ती स्वयंपाकघरातून ऐकत, अडलं तिथं सांगत राहायची. शांत घरात, समोर घाई नसताना, माझ्या मुलीला मी पहिल्यांदाच भूगोल शिकवत होते.

नव्या अभ्यासक्रमाचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेचं आहे. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, वस्ती, अर्थव्यवस्था, सगळं दोन्हीकडचं शेजारी शेजारी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात यावर कुरकुर झाली होती, ब्राझील आपल्या पोरांच्या काय कामाचा म्हणून. मलाही ब्राझील रंगवून सांगताना कसरत करावी लागायची. थोरलीनं त्या वसंतात वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि रोजच्या बातम्यांतले दोन्ही देशांच्या रुग्णांचे आकडे लिहू लागली. जुलैत जगाच्या यादीत अमेरिकेच्या खालोखाल ब्राझील आणि त्याखाली भारत आला. ‘मॅडम लोकांनी बरोब्बर दोन देश निवडले होते,’ ती म्हणाली. मी पुस्तक मंडळावर नाही, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं.

१२ एप्रिलला भूगोलाचा पेपर रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून मार्क देणार. निर्णय योग्य होता. सुमारे साडेसतरा लाख मुलांना चाळीस मार्कांसाठी पुन्हा बाहेर काढण्यात काही अर्थ नव्हता. तरीही विषयशिक्षक म्हणून जरा लागलंच. गणित रद्द झालं असतं तर सरासरीनं गणिताचे मार्क देण्याची कल्पना कोणाला इतक्या सहज सुचली असती का? थोरलीनं बातमी वाचली, पिशवीतून पॅड काढलं, गणवेश घडी करून कपाटात टाकला आणि दुपारभर झोपली. आनंद तर नव्हताच. रडलीही नाही. संध्याकाळी उठून धाकट्याशी विनाकारण भांडली.

माझ्या नोकरीचं तोवर वेगळंच सुरू झालं होतं. आधी पोषण आहाराचं वाटप. शाळेत शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळी मुलांना वाटायचा आदेश आला. पटांगणात फक्कीनं चौकोन आखले, पालकांना पिशव्या घेऊन बोलावलं. पेट्रोलसाठी पास, गाडीला चिकटवलेला कागद, नवरा चालवणार आणि मी मागं. एसटीच्या चालकाला मोटरसायकलवर चेकनाक्यावर थांबवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आमच्या शाळेतले दोन सर अशाच एका नाक्यावर रात्रपाळीला होते. मार्चचा पगार टप्प्यानं आला, आमच्या श्रेणीला पंचाहत्तर टक्के, बाकीचा नंतर. एसटीचा पगार तर पुढं पुढं सरकत गेला. घराच्या हप्त्याचं गणित आम्ही दोघं रात्री मुलं झोपल्यावर करायचो.

मग ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू झाली. रोज सकाळी मोबाइलवर इयत्तावार साहित्य यायचं. वरून केंद्रप्रमुखांच्या गटात, तिथून मुख्याध्यापकांकडे, तिथून आमच्या गटात, आणि आम्ही पालकांच्या गटात टाकायचं. साहित्य चांगलं होतं, ते करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती, यात शंका नाही. पण पालकांचा गट म्हणजे कोण? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईला. स्मार्टफोन त्यांच्या खिशात, वाशीत नाहीतर घाटकोपरला. पोरगं इथं आजीजवळ, आजीकडं बटणाचा मोबाइल. म्हणजे नववीचा अभ्यास रोज इमानेइतबारे वाशीच्या मार्केटात पोचत होता.

मी चार्टपेपर घेतला आणि नकाशा काढला. ओढा, रस्ता, वाड्या, टेकाड, आणि प्रत्येक मुलाचं घर. नकाशा म्हटलं की शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची हवीच. पोरांचे अर्धे मार्क तिथंच जातात. सूचीत तीन खुणा केल्या: घरात स्मार्टफोन असेल तर भरीव वर्तुळ, साधा फोन असेल तर पोकळ, काहीच नसेल तर फुली. कुठं रेंज येते ते पोरांना विचारून निळ्या पेन्सिलीनं रंगवलं. कोणी सांगायचं देवळाच्या मागं, कोणी सांगायचं पाण्याच्या टाकीवर. इतकी वर्षं मी या मुलांना हजेरीच्या क्रमांकानं ओळखत होते. नकाशा झाल्यावर कळलं की उशिरा येते म्हणून मी जिला रोज दारात उभी करायची, ती दोन ओढे ओलांडून येते. फुल्यांच्या वाडीत रेशनवाल्याबरोबर छापील प्रश्नांचे कागद पाठवायची सोय झाली. तेही दर आठवड्याला जमलं असं नाही.

घरातला स्मार्टफोन एकच बरा चालणारा, तो माझ्याकडं. सकाळी गटांत साहित्य, मग मुलांना फोन, मग मुख्याध्यापकांना अहवाल: आज किती विद्यार्थ्यांपर्यंत पोचलात? धाकटा दाराशी येऊन उभा राहायचा. ‘आई, माझा पण अभ्यास आलाय का?’ आलेला असायचा. त्याच्या शाळेच्या गटात, माझ्याच फोनवर, वर कुठंतरी सरकून गेलेला. शेवटी त्याचा ताबा आत्यांनी घेतला. त्यांनी त्याला पाढे शिकवले, तेही पावकी आणि निमकीचे. पाचवीच्या पुस्तकात याचा काही उपयोग नाही, हे मी बोलून दाखवलं नाही. रात्री टीव्हीवर रामायण बघताना दोघांचं एकमेकांना प्रश्न विचारणं चालायचं, आणि खरं सांगायचं तर त्या घरात सगळ्यात नियमित वर्ग तोच भरत होता.

मे महिन्यात एसटी निघाली, पण आपल्या प्रवाशांसाठी नव्हे. परराज्यातल्या मजुरांना सीमेपर्यंत मोफत सोडायचं होतं. नवरा मुंबई-आग्रा रस्त्यानं बिजासनच्या घाटापर्यंत, मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत जाऊन आला. आला तो थेट गच्चीवरच्या खोलीत. कपडे बादलीत, ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर. पोरं खालच्या पायरीवर बसून गप्पा मारायची. थोरलीनं ॲटलासमध्ये घाटापलीकडचं सेंधवा शोधून काढलं आणि विचारलं, ‘पुढं त्यांना कोणी नेलं?’ तो म्हणाला, ‘पलीकडं गाड्या होत्या. पण सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या.’ नंतर तो बराच वेळ रस्त्याबद्दलच बोलला, ढाबे बंद, टायरची दुकानं बंद, वगैरे. माणसांबद्दल फारसं नाही.

आणि त्याच सुमारास भाऊजी आले. माझा धाकटा दीर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. आमच्या पाटण तालुक्यानं मुंबईला माथाडी दिले आणि त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटीलही इथलेच, मंद्रुळकोळ्याचे. घरटी एक माणूस त्या बाजारात आहे. मार्केटमध्ये रुग्ण निघाले, बाजार बंद ठेवावा लागला आणि खोलीत दाटीनं राहणारी माणसं गावाकडं निघाली. गावानं तोवर वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. ज्यांच्या मनीऑर्डरीवर देवळाचा कळस झाला त्यांना ‘मुंबईवाले’ म्हणून अडवत होते. हे लिहिताना मला राग येतो. पण फांद्या टाकणाऱ्यांच्या घरीही म्हातारी माणसं होती, हेही तेवढंच खरं. तोडगा निघाला तो विलगीकरणाचा. आमची शाळा त्यासाठी घेतली आणि भाऊजींना जागा मिळाली नववी ब मध्ये, माझ्याच वर्गात.

आत्या रोज विचारायच्या, ‘जेवला का गं त्यो?’ थोरलीच्या डोक्यात मात्र वेगळंच आलं. भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा. त्यात प्रश्नावली कशी करायची ते आहे आणि दरवर्षी परीक्षेत हमखास प्रश्न असतो. पोरं कारखान्याची नाहीतर मंडईची प्रश्नावली पाठ करून लिहितात, कोणी कुठं जात नाही. हिनं खरी प्रश्नावली काढली आणि काकाला फोन लावला. माल कुठून येतो? किती वजनाच्या गोण्या? दिवसाला गाड्या किती? काका वर्गात बेंचावर आडवा पडून सांगत होता: कांदा नाशिक-जुन्नरचा, लसूण मंदसौरचा, बटाटा आग्र्याचा नाहीतर इंदूरचा, गोणी पन्नास किलोची, बटाट्याची गाडी पोचायला उशीर झाला की तिकडं धुकं किंवा पाऊस आहे, हे आम्हांला टीव्हीच्या आधी कळतं. मी भाजी निवडत ऐकत होते. सातवीतून शाळा सोडलेल्या या माणसानं व्यापार, वाहतूक आणि हवामान एका वाक्यात बसवलं. ‘वहिनी,’ तो मध्येच म्हणाला, ‘हितल्या नकाशावर वाशीच न्हाई.’ भारताचा राजकीय नकाशा, त्यात नसणारच. ‘मग पोरास्नी कसं कळायचं, बाप कुठं हाय?’

पंधरा जूनला नवं वर्ष सुरू झालं, वर्ग ऑनलाइन. २९ जुलैला दहावीचा निकाल लागला, राज्याचा ९५.३० टक्के. थोरलीला चांगले मार्क पडले. भूगोलातही पडले, न लिहिलेल्या पेपरचे. तिनं मार्कांचा फोटो काकाला पाठवला आणि अकरावीच्या प्रवेशाचं कधी सुरू होणार म्हणून मैत्रिणींना फोन करत सुटली.

दुपारी माझ्या शाळेतल्या एका मुलाचा फोन आला. नकाशात पोकळ वर्तुळाच्या घरातला, टेकाडावर चढून बोलत होता, वारा ऐकू येत होता.

‘मॅडम, पास झालो. पर भूगोलाचं मार्क तुम्हीच घातलं का ओ?’

‘नाही रे. बाकीच्या विषयांची सरासरी काढलीय.’

‘म्हंजी गणितात कमी पडलं म्हणून भूगोलात कमी?’

‘तसंच काहीसं.’

‘आवो मॅडम, माझा भूगोल सगळा झाला होता! ब्राझीलचा नकाशा न बघता काढायचो मी.’

‘माहीत आहे मला.’

‘मग बोर्डाला सांगा की.’

बोर्डाला काय सांगायचं ते मी विचारेपर्यंत रेंज गेली होती.