काटकसरीचा पहारेकरी

धार-देवासकडे राहणाऱ्याने समुद्रातील यंत्रांविषयी लिहावे, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु आमची मातृभाषा कोकणी. दर्या आम्हांस परका नाही. देवासच्या ज्या घरांत नळाने गॅस येतो, त्या घरांच्या चुलींनाही तो सर्वस्वी परका नाही. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ साली वसईसमोरच्या समुद्रात वायूचे मोठे क्षेत्र सापडले. तो वायू समुद्रतळावरील नळाने हजीऱ्यास येतो. तेथून भूमिगत वाहिनीने, आयात वायूच्या सोबतीने, तो मध्यप्रदेशात पोचतो.

त्या समुद्रात विहिरींवर उभे असलेले कित्येक छोटे मंच निर्मनुष्य आहेत. सूर्यप्रकाशावर विजेऱ्या भरावयाच्या व तेवढ्यावरच पहारा चालवावयाचा! आषाढात सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. म्हणून रचनाकार प्रथम विचारतो : कोणी जागे राहिलेच पाहिजे?

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरी पुढील गणित आम्हांसही उमगले. पाच वॅटचे उपकरण अहोरात्र चालले, तर दिवसाला १२० वॅट-तास वीज खाते. तेच तासातून एक मिनिट जागे होऊन दाब मोजून पुन्हा निजले, तर दोनच वॅट-तास पुरतात. संदेशयंत्रही ठरल्या वेळी, किंवा काही बिघडले तरच बोलते.

सुरक्षेची झडप मात्र निजत नाही. तेलाच्या दाबाने ती उघडी धरलेली असते. वीज वा दाब गेला, की स्प्रिंग तिला आपोआप मिटविते. घरात निजानीज झाल्यावर सारे दिवे मालवून जिन्यावरचा एक ठेवावा, तसाच हा विवेक आहे.

हा हिशेब केवळ पैशांचा नाही. यंत्र बंद पडले, की माणसास नौकेने वा हेलिकॉप्टरने तेथे जावे लागते. १३ जानेवारी २०१८ रोजी मुंबईहून तेलक्षेत्राकडे निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले व त्यातील सातही जण मृत्यू पावले. टळलेली प्रत्येक फेरी म्हणजे कोणाच्या तरी घरचा टळलेला घोर होय.

विद्यार्थिमित्रांनो, एक गणित घरी करून पाहा : रात्री वीज मोजकीच उरली, तर आपल्या घरी कोणता एक दिवा तेवत राहिलाच पाहिजे?