बोस्टनच्या क्रीडागृहांतील एक सायंकाळ

सन २०२४ च्या ज्येष्ठांत आम्ही चिरंजीवांकडे अमेरिकेंतील बोस्टन शहरीं राहावयास गेलों. त्याच जून महिन्यांत तेथील सेल्टिक्स नांवाच्या बास्केटबॉल-संघानें डॅलसच्या संघास नमवून अठरावें अजिंक्यपद मिळविलें. तो सोहळा आम्ही नातवाच्या मांडीला मांडी लावून दूरदर्शनवर पाहिला आणि उतारवयांत त्या संघाचे भक्त बनलों! पुढें आश्विनांत, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली असतां, नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्याचीं तिकिटें चिरंजीवांनीं आणलीं. म्हणाले, "नाना, हा एकदां प्रत्यक्ष पाहाच."

या खेळाची जन्मभूमि बोस्टनहून सुमारें ९० मैलांवर, स्प्रिंगफील्ड येथें आहे. हिवाळ्यांत तरुणांनीं चार भिंतींच्या आंत काय खेळावें, या विवंचनेंत असलेल्या जेम्स नेस्मिथ नामक एका शिक्षकानें डिसेंबर १८९१ मध्यें व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या व तेरा नियम लिहून काढले. टोपलीची दहा फुटांची उंची आजही तीच आहे. कर्ता आमच्याच पेशाचा, हें ऐकून आम्हांस अंमळ अभिमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

२२ ऑक्टोबरच्या सायंकाळीं आम्ही तिघे नॉर्थ स्टेशनवर उतरलों. क्रीडागृह स्थानकाच्या अगदीं डोक्यावरच बांधलेलें आहे. आंत शिरतांच प्रथम दृष्टि जाते ती लाकडी जमिनीकडे. युद्धानंतर लांकडाची टंचाई होती म्हणून ओकचे लहान लहान तुकडे चौकटी-चौकटींनीं जोडून जुनी जमीन केली होती. ती गेली, तरी नव्या जमिनीवर नक्षी तीच राखली आहे. अडचणींतून निघालेली तोड पुढें घराण्याची खूण होऊन बसते, ती अशी. वर छताला अजिंक्यपदांच्या पताका टांगलेल्या. त्यांतील अकरा तर बिल रसेल या एकाच खेळाडूच्या तेरा हंगामांतील! त्या रात्रीं अठरावी पताका वर चढली, तेव्हां पांढऱ्या केसांचीं माणसेंही लहान मुलांप्रमाणें उभीं राहून टाळ्या पिटीत होतीं.

मग न्यूयॉर्कच्या निक्स संघाशीं सामना सुरू झाला, आणि सामना कसला, शरसंधानच तें! कड्यापासून दूर एक कमानीची रेषा असते. तिच्याबाहेरून मारलेल्या नेमास दोनांऐवजीं तीन गुण. हा नियम या व्यावसायिक स्पर्धेंत १९७९ सालीं आला, आणि तसा पहिला नेम साधल्याचें श्रेय बोस्टनच्याच ख्रिस फोर्डकडे जातें. त्या रेषेबाहेरून सेल्टिक्सच्या मंडळींनीं असा वर्षाव मांडला कीं, कोणाला अडवावें हेंच प्रतिपक्षास कळेना. एकट्या जेसन टेटमनें ३७ गुण केले. शिवाय दहा वेळां चेंडू सोबत्याच्या हातीं देऊन त्याच्याकडून गुण करविले. आम्हांस गुणांपेक्षां हें देणें अधिक आवडलें. अडतीस वर्षांचा अल हॉरफर्ड कसलेल्या कर्त्या पुरुषासारखा वावरत होता.

विजयाविषयीं शंका उरली नाहीं, तेव्हां प्रेक्षकांस नवाच छंद लागला. तीन गुणांचे २९ नेम झाले होते. एका सामन्यांतील तोंवरचा विक्रम तितक्याचाच होता. आणखी एक साधतां तर नवा विक्रम! प्रत्येक फेकीस सारें सभागृह उभें राही, आणि चेंडू कड्याला लागून बाहेर पडतांच एकच हळहळ उठे. अशा शेवटच्या तेरा फेकी ओळीनें वांयां गेल्या. १३२ विरुद्ध १०९ असा दणदणीत विजय मिळूनही आमच्या तोंडून निघून गेलें, "अरेरे! तो एक तेवढा राहिला!"

नातू आश्चर्यानें म्हणाला, "पण आजोबा, एकोणतीस झाले ना!"

चिरंजीव हंसले, पण तें हंसणें आम्हांस बोंचलें. ते नववींत असतां संस्कृतांत पन्नासांपैकीं अठ्ठेचाळीस गुण मिळवून धांवत घरीं आले होते, आणि आम्ही चष्मा न काढतां विचारिलें होतें, "उरलेले दोन कोठें गेले?" त्यानंतर त्यांनीं आम्हांस उत्तरपत्रिका आपण होऊन कधीं दाखविली नाहीं. शाळेंत असे प्रश्न आम्ही किती मुलांस विचारले असतील, त्याची गणती नाहीं. त्यास आम्ही शिस्त म्हणत होतों.

जिने उतरतांना गर्दींत चिरंजीवांनीं आमचा दंड धरला होता. आम्ही म्हणालों, "ते अठ्ठेचाळीस पुष्कळ होते हो." क्षणभर ते कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "नाना, एक रूप चुकलें होतें, आणि एक संधि. अजून आठवतें."

गाडी येईपर्यंत आम्ही तिघे फलाटावर उभे होतों. नातू बोटांवर मोजून कोणाचे किती नेम झाले तें सांगत होता. झालेलेच तेवढे तो मोजीत होता, आणि आम्ही ते एकामागून एक मुकाट्यानें ऐकून घेत होतों.