उताणा पडला की हरला

'फाइट क्रॅब' हा २०२० सालचा जपानी गेम बहुतेकजण हसून सोडून देतात, कारण त्यात खेकडे नांग्यांत शस्त्रे धरून लढतात. मला मात्र तो फार गांभीर्याने रचलेला वाटतो. 'कॅलाप्पा गेम्स'ने केलेल्या या गेममध्ये प्रतिस्पर्ध्याला ठार करायचे नसते. त्याला उताणे पाडून तीन सेकंद तसेच ठेवले की जिंकलात. हा नियम खेकड्याच्या शरीरातूनच आला आहे. पाठीवर कठीण कवच, पसरट देह, बाजूंना फाकलेले पाय. अशा प्राण्याची खरी अडचण पाठीवर पडण्यातच. 'स्ट्रीट फायटर'सारख्या लढतीच्या गेमच्या परंपरेत बटण दाबले की ठरलेला ठोसा बसतो. इथे दोन्ही नांग्या वेगवेगळ्या चालवाव्या लागतात आणि प्रत्येक धडकेचा परिणाम वजन, वेग नि कोन यांवर ठरतो.

यावर आक्षेप असा, की हे सगळे बेंगरूळ आहे. कौशल्यापेक्षा नशीबच जिंकते. नवख्याला तसे वाटेलही. पण बेंगरूळपणा दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो, आणि समोरच्याच्या कवचाखाली नांगी नेमकी कुठे घालायची हे सरावानेच कळते. मग तलवारी कशाला, असेही विचारता येईल. तलवारीमुळे नांगीची पोच वाढते, पण तोलही बिघडतो. शस्त्र निवडताना हाच हिशेब करावा लागतो. खऱ्या समुद्रकाठीही एक मोठी नांगी असलेले नर खेकडे एकमेकांना ढकलतात, नांगीत नांगी अडकवतात, आणि बहुतेक झुंजी गंभीर इजा न होताच मिटतात.