तिसरं मत

व्हर्च्युअल मशीनं चालवायला प्रॉक्समॉक्स की एक्ससीपी-एनजी? दोन्ही मुक्त, दोन्ही भक्कम. एक्ससीपी-एनजीच्या मुळाशी झेन हा हायपरवायझर, केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला. प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभा, २००७पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेल्या केव्हीएमवर चालणारा. माझा कल प्रॉक्समॉक्सकडे, कारण काही बिघडलं तर खाली ओळखीचं लिनक्सच सापडतं.

आज प्रॉक्समॉक्सच्या तीन सर्व्हरांच्या क्लस्टरमधल्या एका सर्व्हरची वीज मुद्दाम तोडली. तिघांतले दोन उरले, बहुमत टिकलं. सामायिक स्टोरेजमुळे बंद सर्व्हरवरचं व्हर्च्युअल मशीन काही मिनिटांत दुसरीकडे सुरू झालं. फार बरं वाटलं. दोनच सर्व्हर असते, तर उरलेल्या एकट्याला निर्णयाचा अधिकारच नसता. छोट्या संस्थांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं: तिसरा सर्व्हर परवडत नसेल, तर निदान मत देणारं एखादं लहानसं यंत्र तरी ठेवा.

उद्या बॅकअप रिस्टोअर करून बघायचा. त्याआधी मी प्रॉक्समॉक्सला होकार देणार नाही.